मामांना नाही म्हणणारी

मत्रह,
४ जुलै २०२५

चि. वसुंधरा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, मस्कतच्या आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आपल्या पॅनेलकडून मला उभं राहायचंय," आणि मी हसलो. तू फोन ठेवलास. तुझ्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता. तेव्हा आधी माफी, मग कामाचं.

हे कागदावर का लिहितोय ते सांगतो. मागच्या निवडणुकीत आपल्या 'दीपस्तंभ' पॅनेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे बोललं जाई, त्याचे स्क्रीनशॉट चहा निवायच्या आत समोरच्या पॅनेलकडे पोचत. आपल्यातलंच कुणीतरी पुरवत होतं. म्हणून या खेपेला उमेदवारीबद्दल मी मोबाइलवर अवाक्षर काढणार नाही. तूही पत्र लिही, पाकीट डिंकाने नीट चिकटव आणि रशीदच्या गाडीत दे. त्याची मसाल्याची व्हॅन दर आठवड्याला सोहारला येतेच. गंमत अशी की उमेदवारीसाठी दुसरं नाव रशीदचंच आहे. पण रशीद परकार हा पाकीट फोडणारा माणूस नव्हे, आणि हे त्याच्या बाजूने जमा धरायला हवं.

माझा हा इथला शेवटचा उन्हाळा. अर्बाबनी, म्हणजे आमच्या मालकांनी, प्रेमाने सांगितलं, रमणभाई, आता आराम करा. म्हणजे खलास. ऑक्टोबरात मी आणि तुझी मामी देवगडला कायमचे. पॅनेल मीच उभं केलं, तेव्हा जाण्याआधी उमेदवारही मीच सुचवावा असं सगळे म्हणतात. बैठक गणपतीनंतर आहे.

अनुभव कसला हवा, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी म्हणतो, समितीवर घासलेला माणूस हवा. कुणी म्हणतो, स्पॉन्सर ओळखीचे हवेत. आपल्या पॅनेलमधल्या शिवांगीचं म्हणणं, माइकवर न अडखळता बोलता आलं म्हणजे निम्मं काम झालं. रशीदकडे हे तिन्ही आहे. तो सचिव होता, मत्रहच्या सूकमध्ये, इथल्या बाजारात, निम्मे दुकानदार त्याला भाई म्हणतात, आणि बोलायला लागला की थांबवावा लागतो.

तुझ्यापाशी काय आहे? तू एकाही समितीवर नव्हतीस. चिडू नकोस, विचार करून लिही. मी मामा म्हणून नाही विचारत.

तुझा,
रमणमामा

सोहार,
११ जुलै २०२५

ती. रमणमामांस,
सा. न.

मामा म्हणून विचारत नाही म्हणता, आणि चिडू नकोस हे मामासारखंच लिहिता. मी चिडलेच.

समितीवर नव्हते हे खरं. मला कुणी घेतलं का कधी? मंडळात बायकांना काय मिळतं, तर हळदीकुंकू, रांगोळी आणि पाहुण्यांना ओवाळणं. आत घ्यायचं नाही आणि मग आतला अनुभव कुठाय म्हणून विचारायचं, हा न्याय मला कळत नाही.

माझ्याकडचा अनुभव सांगते. मी प्लांटमध्ये सेफ्टीला आहे. कुणीही टाकीत उतरायचं, उंचीवर चढायचं, वेल्डिंग करायचं म्हटलं की परमिट लागतं, आणि त्यावर माझी सही लागते. मागच्या शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना, एका टाकीची गॅस टेस्ट अजून व्हायची होती. सुपरिंटेंडंट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वसुंधरा, यल्ला, साइन करो, अख्खी शिफ्ट बैठी है." मी म्हटलं, टेस्ट आल्याशिवाय नाही. ते ओरडले. वर फोन गेला. वरून मला फोन आला. मी तेच सांगितलं. शिफ्ट बसून राहिली, टेस्ट आली, टाकीत वायू निघाला. त्यावर कुणी आभार मानले नाहीत. सुपरिंटेंडंट कित्येक महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते. पण वायू काढल्यावरच माणसं आत उतरली आणि टाकीतून पायांनी चालत बाहेर आली.

तर माझ्याकडे नाही म्हणण्याचा अनुभव आहे. रशीदभाईंकडे आहे का, विचारा.

आणि मला उभं का राहायचंय तेही लिहिते, कारण ते तुम्ही विचारलं नाहीत. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा सेट आमच्या साई घाणेकरने बांधला. तो आणि त्याच्या खोलीतले इथल्या कामगारांच्या कॅम्पात राहतात. साईला गावी बायको आहे, मुलं आहेत, सून यायची वेळ झाली आहे. पण फॅमिली व्हिसा नाही, म्हणून मंडळाच्या लेखी तो 'बॅचलर'. बॅचलरला सभासदत्व नाही. कार्यक्रमाला आला तरी फॅमिल्या जेवून होईपर्यंत तो गेटपाशी उभा. स्वतः बांधलेला सेट त्याने तिथून पाहिला. मला ते बघवलं नाही. अध्यक्ष झाले तर आधी हा नियम जाईल. मामा, तुम्हीही बॅचलर म्हणूनच आला होतात ना?

मामीला नमस्कार. तिने पाठवलेली सोलं पोचली.

तुमची,
वसुंधरा

मत्रह,
२५ जुलै २०२५

चि. वसुंधरा हिस,
आशीर्वाद.

उत्तराला वेळ लावला, कारण तुझं पत्र दोनदा वाचावं लागलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा मजा.

हो, बॅचलर म्हणूनच आलो. एका खोलीत आम्ही इतके जण की कूस बदलायची तर शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागे. ते विसरलेलो नाही. नियम जायला हवा हे मलाही मान्य. पण नुसतं हवं म्हणून नियम जात नाहीत, त्यासाठी खुर्चीवर टिकणारं माणूस लागतं.

रशीदबद्दल तू नेमकं बोट ठेवलंस. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला 'नाही' हा शब्द माहीत नाही. तो सचिव असताना एकाच शुक्रवारी त्याने हॉल दोघांना देऊन टाकला, एकीकडे नाटकाची तालीम आणि दुसरीकडे मंडळातल्या ओवेसच्या लेकीचं बारसं. तिकडे खलनायक किंचाळतोय आणि इकडे पाळणा म्हणताहेत. मी विचारलं, असं कसं केलंस? म्हणाला, "मामा, दोघंव आपलीच माणसां, नाय कोणाला म्हणू?" लोक हसले आणि त्याला माफ केलं. पण भीड ही भिकेची बहीण. अध्यक्ष झाल्यावर तो मंडळ वाटून टाकेल आणि वर सगळ्यांना चहा पाजेल.

आता तुझं. तू सुपरिंटेंडंटला नाही म्हणालीस, शाबास. पण तेव्हा तुझ्या हातात शिक्का होता, पाठीशी कंपनी होती, आणि तो माणूस तुझा कुणी लागत नव्हता. मंडळात शिक्का नसतो, वसू. इथे ज्याला नाही म्हणायचं त्याच्याच शेजारी पानावर बसून वरणभात जेवायचा असतो. त्याच्या बायकोने तुझं बाळंतपण केलेलं असतं. पक्ष मोठा असो की आपल्यासारखा हॉल भाड्याने घेणारा, अध्यक्षपदाच्या उमेदवारात मी एवढंच शोधतो. परक्याला कुणीही नाही म्हणतं. आपल्या माणसाला कधी म्हटलंस का? तो अनुभव तुला आहे असं मला दिसत नाही.

तो मिळावा म्हणून एक काम देतो. या वर्षी गणेशोत्सवप्रमुख तू. समितीत बोललो, कुणाची ना नाही. मंडळाचा बाप्पा सुट्टीचं बघून शुक्रवारीच येतो, तेव्हा तुझ्या हाती महिना आहे. मखर, प्रसाद, आरत्या, सगळं तुझ्याकडे. सगळी आपलीच माणसं तुझ्या दाराशी येतील. बघू.

रमणमामा

सोहार,
८ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सा. न.

बघाच. उत्सवाचं काम घेतलं आणि माणसं दाराशी यायला सुरुवात झाली. कुणाच्या मुलीला मंचावर नाचायचंय, कुणाला पुढच्या रांगेत आई बसवायचीय. ती माझी मैत्रीण नौशीन, तिचासुद्धा फोन. हसतखेळत निभावलं.

खरं भांडण आरतीवरून झालं. पहिल्या आरतीचा मान दर वर्षी मावळता अध्यक्ष आणि मोठा स्पॉन्सर यांना जातो. मी म्हटलं, यंदा उत्सवाचं काम करणाऱ्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकू. सभासद असो नसो, ज्याने हात लावला त्याची चिठ्ठी. तुमच्या नाटकातल्या खलनायकाने "हे रिवाजाला धरून नाही" असं भाषण ठोकलं. मी म्हटलं, रिवाज मोडत नाही, आरती होणारच आहे, फक्त ताट कुणाच्या हातात ते बाप्पाला ठरवू दे. बाप्पाचं नाव घेतल्यावर कोण बोलणार?

सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. उचलल्या नौशीनच्या छोट्या अदीबाने. पहिली आरती साई घाणेकर आणि खोलीतल्यांना आली! मखर तेच बांधताहेत. साईला लगेच फोन केला. तो म्हणाला, "ताई, नवीन शर्ट घेऊक होयो." मामीचीही चिठ्ठी होती, मोदकांमुळे. तिला दुसऱ्या दिवशी दुपारची आरती आली आहे.

रशीदभाईंनी गूळ आणि खोबऱ्याची पोती स्वतः आणून दिली. टेबलावरच्या या अर्धवट पत्रावर नजर टाकून म्हणाले, "वसुंधरा, डिंक महाग झालाय, जपून लाव." त्यांना सगळं माहीत आहे, मामा. मला त्यांची लाज वाटते.

तुमची,
वसुंधरा

मत्रह,
१५ ऑगस्ट २०२५

चि. वसुंधरा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला जड जातंय.

तुझ्या मामीचे गुडघे तुला ठाऊकच आहेत. डॉक्टर म्हणतात, देवगडला गेल्यावर ऑपरेशन करून टाका. परत इथे येणं नाही. म्हणजे मंडळाच्या बाप्पासमोर तिचं हे शेवटचं वर्ष. अख्खं आयुष्य तिने या मंडळाच्या प्रसादाचे मोदक वळले, पण कधी पुढे उभी राहिली नाही. मी अध्यक्ष होतो तेव्हाही ती मानाच्या आरतीला स्वयंपाकघरात होती. दुपारच्या आरतीला तर हॉलमध्ये दहा माणसंही नसतात, सगळी जेवून लवंडलेली.

तेव्हा मामाची एक मागणी. पहिली आरती तुझ्या मामीच्या, नूतनच्या हातून होऊ दे. साई माझ्या शब्दाबाहेर नाही, मी त्याच्याशी बोलतो. तो आनंदाने दुपारची घेईल. चिठ्ठ्या बदलल्या असं कुणी म्हणायचं नाही, त्यानेच मान दिला असं होईल. कुणाचं काही बिघडत नाही आणि तुझ्या मामीचं एक राहिलेलं होऊन जाईल.

तिने तुझ्यासाठी काय केलं ते मी बोलायला नको. लग्न होऊन आलीस तेव्हा सोहारचं घर मिळेपर्यंत तू आमच्याकडेच होतीस.

पॅनेलची बैठक त्यानंतर आहे. हे दोन विषय वेगळे आहेत, ते तुला सांगायला नको.

तुझा,
रमणमामा

सोहार,
२० ऑगस्ट २०२५

ती. रमणमामांस,
साष्टांग नमस्कार.

मामा, नाही.

हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं. मग वाटलं, पुढे काही लिहूच नये. पण तुम्ही मामा आहात, म्हणून लिहिते.

मामीने माझ्यासाठी काय केलं ते मी विसरेन का? मत्रहच्या त्या घरात मी पहिला महिना रोज रडायचे. मामी एकदाही 'रडू नको' म्हणाली नाही. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी द्यायची आणि म्हणायची, "रडता रडता निवड." अशा माणसाला मी नाही म्हणतेय. तुमचं पत्र वाचून मी आज ऑफिसात दार लावून रडले.

पण साईने नवीन शर्ट घेतला आहे. गावी फोन करून सांगितलं आहे. त्याची बायको त्या वेळी व्हिडिओ कॉलवर बसणार आहे. तुम्ही त्याला विचाराल आणि तो हो म्हणेल, अगदी हसत म्हणेल. मामा, तो तुम्हाला नाही म्हणूच शकत नाही, म्हणून तर त्याला विचारायचं नाही. दिवाळीलाही तो गेटपाशी हसतच उभा होता.

येत्या बुधवारी चतुर्थीला मी तुमच्या घरच्या गणपतीला येते. तिथे मामीच्या हातून आरती होऊ दे, टाळ मी वाजवीन. मंडळात मात्र चिठ्ठीत निघालं तेच होईल.

दोन विषय वेगळे आहेत असं लिहिलंत. ते वेगळे असते तर तुम्ही लिहिलंच नसतं. उमेदवारी रशीदभाईंना द्यायची असेल तर द्या. मी त्यांचा प्रचार करीन. पण बैठकीत माझं नाव मी मागे घेणार नाही, ते तुम्हालाच खोडावं लागेल.

तुमचीच,
वसुंधरा

मत्रह,
५ सप्टेंबर २०२५

गो वसू,
तुझ्या मामीचा आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे. दोन वेळा रशीदची गाडी सोहारला रिकामी गेली. हे काही लिहीनात आणि तू चतुर्थीला येऊन आमच्या घरी आरती केलीस तरी दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. मी विचारलं, काय झालं? हे म्हणाले, काही नाही. मग मी खण उघडून तुझं पत्र काढलं आणि वाचलं. बायकोने नवऱ्याची पत्रं वाचायची नसतात हे मला कुणी शिकवलंच नाही.

अगो, मला कुणी विचारलं का? ते जड ताट धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर, लांबलचक आरत्या संपेपर्यंत सगळ्यांपुढे उभं राहायचं म्हणजे मान की शिक्षा? मी स्वयंपाकघरात असायचे ते मला तिथे बरं वाटायचं म्हणून. तिथे खरी बातमी कळते.

मान ह्यांना हवा होता. इथून जाण्याआधी एकदा सगळ्यांनी आमच्या घराकडे बघावं असं ह्यांना वाटत होतं. स्वतःसाठी मागायला लाज वाटली म्हणून माझे गुडघे पुढे केले. माणूस वाईट नाही गो. जायची वेळ आली की माणसाला असं होतं.

तू पुढे कामात होतीस, तुला दिसलं नसेल, पण शुक्रवारी पहिल्या आरतीला हे मागे भिंतीशी उभे होते, हाताची घडी घालून. साई घाणेकर पुढे आला, तो शर्ट इस्त्री करून करून पत्र्यासारखा ताठ. त्याच्या फोनमध्ये बायको दिसत होती. तिनेसुद्धा तिकडे ताट घेतलं होतं. ते बघितलं आणि ह्यांनी हाताची घडी सोडली. मग टाळ्या वाजवायला लागले. आरती चुकीच्या सुरात म्हणतात ते तुला ठाऊक आहेच, पण मोठ्याने म्हटली.

शनिवारी दुपारी माझी पाळी. साईने न सांगता खुर्ची आणून ठेवली. मी बसून ओवाळलं. माणसं थोडी होती, त्यामुळे बाप्पा नीट दिसला.

ह्यांच्या मनात काय आहे मला माहीत नाही. उमेदवारीचं मी बोलणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा. कोथिंबीर आता निवडलेलीच मिळते, पाकिटात.

तुझी,
मामी

मत्रह,
२१ सप्टेंबर २०२५

चि. वसुंधरा हिस,
आशीर्वाद.

काल बैठक झाली. जसं झालं तसं लिहितो.

सगळे जमले. शिवांगीने विचारलं, मामा, तुम्ही कुणाला सुचवता? मी आदल्या रात्रीच ठरवून गेलो होतो की रशीदचं नाव घ्यायचं. खोटं कशाला सांगू, मला तुझा राग होता. आपल्या घरातल्या पोरीने, जिला मी विमानतळावरून आणलं, तिने मला एका शब्दात उडवून लावलं. पत्राच्या पहिल्याच ओळीत. निदान दोन ओळी हवापाण्याच्या लिहायच्या होत्यास.

उभा राहिलो आणि तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "मी पहिल्या आरतीचा मान मागितला होता. वसुंधराने मला नाही म्हटलं." मग मी तुला लिहिलं होतं तेच बोललो, की आपल्याच माणसाला नाही म्हटल्याचा अनुभव ज्याला आहे त्यालाच अध्यक्ष करावं. ते लिहिताना मी शहाणा होतो आणि तो अनुभव माझ्याच अंगावर यायचा आहे हे मला माहीत नव्हतं.

पहिला बोलला तो रशीद. टेबलावर हात मारून म्हणाला, "अरे, रमणमामांना नाय म्हणणारी या मस्कतात पयल्यांदा गावली. आनी काय शोधताव? मी तर ह्यांना आजवर चहाला पन नाय म्हटलं नाय!" हशा झाला. मग तो म्हणाला की मला तिचा सचिव करा, लोकांना हो म्हणायचं काम माझ्याकडे, नाही म्हणायचं तिच्याकडे. नंतर हळूच माझ्या कानात म्हणाला, "पाकिटां जाड होत गेली तेव्हा वळखलं होतं, भांडान जुंपलंय."

उमेदवार तू. एकमताने.

तुझ्या मामीने माझं सगळं तुला लिहिलं, असं ती मला म्हणाली. बरं झालं, मला लिहावं लागलं नाही.

मी अजून पूर्ण निवळलेलो नाही. पण काम सुरू कर. समोरचं पॅनेल बॅचलरच्या मुद्द्यावर तुला घेरेल. "उद्या कॅम्पच्या बसेस भरून येतील" म्हणतील. तेव्हा मागे सरू नकोस. मीही एका बसनेच आलो होतो, असं माझं नाव घेऊन सांग.

रमणमामा

सोहार,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. रमणमामांस आणि मामीस,
सा. न.

निवडून आले ते रशीदभाईंनी तुम्हाला ओरडूनच सांगितलं, म्हणे मामीने फोन कानापासून लांब धरला होता. आता पत्राची गरज नाही, तरी लिहितेय. जे सांगायचंय ते फोनवर सांगायचा धीर नाही.

आधी चांगलं. बॅचलर सभासदत्वाचा ठराव आमच्या पहिल्याच सभेत आला. भांडण जोरात झालं. मी तुमची बस काढली. ठराव थोडक्या मतांनी पास झाला, पण झाला. साई आता सभासद आहे, आणि आल्या आल्या तक्रार घेऊन आला, मंडळाच्या खुर्च्या डुगडुगतात म्हणून. इन्शाल्ला पुढच्या दिवाळीला गेटपाशी कुणी नसेल.

आता दुसरं. त्याच सभेत रशीदभाईंनी तुम्हाला मंडळाचा जीवनगौरव द्यायचा प्रस्ताव मांडला. मानपत्र आणि शाल. एकही माणूस विरोधात नव्हता, माझं मनही नव्हतं. पण मी अध्यक्ष झाल्यावरचा पहिला सन्मान माझ्या मामाला जाणार, आणि त्यावर सही माझी. मामा, मी नाही म्हटलं. म्हटलं, हा पुढच्या अध्यक्षाने द्यावा. रशीदभाई तर रडवेले झाले. सभेनंतर म्हणाले, "वसुंधरा, येवढी कडक नको होव." मी सभेचे कागद आवरून निघाले. गाडीत बसल्यावर मात्र मला गाडी सुरू करवेना.

तुम्ही या मंडळाला जे दिलंत त्यापुढे शाल काय? पण हे मी लिहिलं म्हणून तुमचं दुःख कमी होईल असं मला वाटत नाही. रागावा. मी मामीच्या ऑपरेशनला सुट्टी घेऊन येतेय, तेव्हा समोर बसवून रागवा.

तुमचीच,
वसुंधरा

देवगड,
३० नोव्हेंबर २०२५

चि. वसुंधरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीने मोठ्याने वाचलं आणि मध्येच थांबून हसली. मी हसलो नाही.

प्रस्तावाचं मला आधीच ठाऊक होतं. तुझ्या सचिवाच्या पोटात काही राहत नाही, हे लक्षात असू दे. त्याने कळवलं त्याच दिवशी मी सुतार बोलावून ओटीवर मानपत्रासाठी खिळा ठोकून घेतला होता. दारातून आत येणाऱ्याला समोर दिसेल असा.

मला वाईट वाटलंय. ते तसंच राहू दे, घालवायला येऊ नकोस. ऑपरेशनला मात्र ये, मामी वाट बघते आहे. पाटावर माझ्या शेजारी बसून जेव, मी आग्रह करणार नाही एवढंच.

खिळा अजून रिकामाच आहे. येणारा जाणारा विचारतो, इथे काय लावणार आहात? परवा सरपंचही विचारून गेले. मी सांगितलं, काही नाही, मस्कतला आम्ही अध्यक्ष बरोबर निवडलाय.

तुझा,
रमणमामा